अणुभट्टीच्या अपघाताची रंगीत तालीम: युरेनियमचा कणही न वापरता सुरक्षेची परीक्षा कशी घेतात?

अणुभट्टीतला मुख्य पाइप फुटला, गाभ्याला थंड ठेवणारा वायू निसटून गेला, वीज गेली आणि पंखेही बंद पडले. अशा वेळी कोणी कसलंही बटण दाबलं नाही, तरी भट्टी आपली आपण थंड होईल आणि इंधन वितळणार नाही, असा दावा नव्या पिढीतल्या एका प्रकारच्या अणुभट्ट्यांबद्दल केला जातो. या आहेत उच्च तापमानाच्या, वायूने थंड होणाऱ्या अणुभट्ट्या, म्हणजेच 'एचटीजीआर'.

दावा मोठा आहे आणि त्यावर बरंच काही ठरणार आहे. भट्टीभोवती जाड काँक्रीटचं, दाब सोसणारं कवच हवं की नको, लोकवस्तीपासून ती किती दूर हवी, कारखान्याच्या शेजारी ती उभारू द्यायची का, या प्रश्नांची उत्तरं या एका दाव्याच्या खरेखोटेपणावर अवलंबून आहेत. पण तो तपासायचा कसा? चालू अणुभट्टीचा पाइप फोडून बघण्याची परवानगी कोणी देणार नाही.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेला मार्ग म्हणजे भट्टीची छोटी प्रतिकृती. तिच्यात युरेनियम नसतं, किरणोत्सर्ग नसतो. विजेच्या हीटरवर ती तापवायची आणि मग तिच्यात मुद्दाम अपघात घडवायचा. ऐकायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात मात्र सगळ्यात अवघड काम असतं ते भट्टी 'छोटी' करण्याचंच.

एचटीजीआर वेगळी कशी?

आज जगात वीज बनवणाऱ्या बहुतेक अणुभट्ट्या पाण्याने थंड होतात. तारापूरच्या भट्ट्याही त्यातल्याच. एचटीजीआरमध्ये पाण्याच्या जागी हेलियम वायू असतो. हेलियम कशाशीही रासायनिक अभिक्रिया करत नाही आणि पाण्यासारखी त्याची वाफही होत नाही. त्यामुळे तो ७०० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही जास्त तापवता येतो. पाण्याच्या भट्टीत हे तापमान साधारण ३०० अंशांच्या आसपासच राहतं. एवढी उष्णता मिळाली की तिचा उपयोग विजेपुरता राहत नाही. रसायनांचे कारखाने आणि हायड्रोजनची निर्मिती यांनाही ती थेट पुरवता येते.

या भट्टीचं इंधनही निराळं असतं. जेमतेम एक मिलिमीटरच्या कणात मधोमध युरेनियम आणि त्यावर कार्बन व सिलिकॉन कार्बाइडचे थर. या कणांना 'ट्रायसो' म्हणतात. साधारण १६०० अंशांपर्यंत हे थर शाबूत राहतात आणि किरणोत्सर्गी पदार्थ आतच अडकवून ठेवतात. हे कण ग्रॅफाइटच्या ठोकळ्यांत किंवा गोळ्यांत भरलेले असतात.

तिसरी गोष्ट म्हणजे गाभ्याचा ऐसपैसपणा. पाण्याच्या मोठ्या भट्टीत एका घनमीटर गाभ्यातून साधारण १०० मेगावॅट उष्णता निघते. एचटीजीआरमध्ये हा आकडा एक अंकी असतो. थोडी उष्णता आणि ती शोषून घ्यायला टनावारी ग्रॅफाइट, असा हा मामला आहे.

भट्टी बंद केली तरी धोका का उरतो?

चुलीतली लाकडं बाहेर ओढली, तरी निखारे बराच वेळ धगधगत राहतात. अणुभट्टीचंही तसंच आहे. अणुविखंडन थांबलं तरी विखंडनातून तयार झालेले किरणोत्सर्गी पदार्थ उष्णता देत राहतात. भट्टी बंद केल्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या सुमारे ६ ते ७ टक्के असते, तासाभरात दीड टक्क्याच्या आसपास येते आणि दिवसभराने साधारण अर्धा टक्का उरते.

टक्केवारी किरकोळ वाटली तरी आकडे किरकोळ नाहीत. ३५० मेगावॅट औष्णिक क्षमतेच्या भट्टीत सुरुवातीला २० मेगावॅटहून जास्त उष्णता उरते. एका दिवसानंतरही ती दीड-दोन मेगावॅट असते. जपानमध्ये २०११ साली फुकुशिमात हेच घडलं. भट्ट्या भूकंपानंतर लगेच बंद झाल्या होत्या. त्सुनामीने वीज गेली, पंप थांबले आणि उरलेल्या उष्णतेने गाभा वितळला.

एचटीजीआरमध्ये या उष्णतेला पंपाची गरज पडू नये, अशी रचना असते. गाभ्यातली उष्णता ग्रॅफाइटमधून हळूहळू बाहेरच्या पोलादी भांड्यापर्यंत पोहोचते. भांडं तापून भोवतालच्या पॅनेलकडे उष्णता फेकतं आणि पॅनेलमधली हवा किंवा पाणी ती वाहून नेतं. हवा तापली की हलकी होऊन चिमणीतून वर जाते आणि तिच्या जागी खालून थंड हवा येते. या सगळ्या साखळीत मोटर कुठेच लागत नाही. सुरुवातीचे अनेक तास गाभ्याचं तापमान वाढत राहतं. काही आराखड्यांत ही वाढ दोन-तीन दिवसही चालते. पण एका टप्प्यावर बाहेर जाणारी उष्णता आत तयार होणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त होते आणि पारा उतरू लागतो.

प्रश्न असा, की उतरण्याआधी तो कुठवर चढतो? १६०० अंशांच्या किती जवळ जातो?

हे कॉम्प्युटरवर काढता येत नाही का?

येतं, आणि काढलंही जातं. पण कॉम्प्युटरचं उत्तर त्याला दिलेल्या समीकरणांइतकंच खरं असतं. जर्मनीतल्या युलिश इथल्या 'एव्हीआर' या भट्टीने हा धडा दिलेला आहे. १९६७ ते १९८८ या काळात चाललेली ही १५ मेगावॅटची प्रायोगिक भट्टी ग्रॅफाइटच्या गोळ्यांची होती. गाभ्यातलं तापमान मोजण्यासाठी तिच्यात काही खास गोळे सोडण्यात आले. वेगवेगळ्या तापमानाला वितळणाऱ्या बारीक तारा त्यांत बसवलेल्या होत्या. गोळे बाहेर आल्यावर बघितलं, तर काहींमधली १२८० अंशांना वितळणारी तारही वितळलेली होती. गणिताने सांगितलं होतं त्यापेक्षा गाभ्यातले काही भाग बरेच जास्त तापले होते.

म्हणूनच नियामक संस्था नुसत्या गणितावर विसंबत नाहीत. तुमचा प्रोग्रॅम आधी एखाद्या प्रत्यक्ष प्रयोगाचं उत्तर बरोबर सांगतो का ते दाखवा, असं त्या म्हणतात. हा प्रत्यक्ष प्रयोग पुरवण्याचं काम छोट्या प्रतिकृती करतात. म्हणजे प्रतिकृती थेट भट्टीला प्रमाणपत्र देत नाही. भट्टीचं भाकीत करणाऱ्या प्रोग्रॅमची ती परीक्षा घेते.

सगळं चौपट लहान केलं की झालं?

इथेच खरी मेख आहे. पातेलंभर चहा आणि वाटीभर चहा एकाच वेळी ओट्यावर ठेवला, तर वाटीतला आधी निवतो. कारण वस्तू लहान केली की तिचं आकारमान आणि तिचा पृष्ठभाग एकाच प्रमाणात घटत नाहीत.

भट्टीची लांबी, रुंदी, उंची चौपट कमी केली, तर पृष्ठभाग १६ पट कमी होतो, पण आकारमान ६४ पट कमी होतं. म्हणजे आतल्या प्रत्येक घनमीटरच्या वाट्याला आधीपेक्षा चौपट पृष्ठभाग येतो आणि उष्णता निसटायला चौपट वाव मिळतो. शिवाय घन पदार्थातून उष्णता आरपार जायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. पदार्थ तोच ठेवला, तर मूळ भट्टीत १६ दिवस घेणारी क्रिया प्रतिकृतीत एका दिवसात उरकते.

त्यामुळे हुबेहूब छोटी भट्टी बनवली, तर ती मूळ भट्टीपेक्षा कितीतरी चटकन थंड होईल. बनवणारे खूश होतील, पण निष्कर्ष फसवा असेल.

यातून वाट काढण्यासाठी अभियंते आधी यादी करतात. अपघातात कोणकोणत्या क्रिया घडतात आणि त्यातल्या कोणत्या निर्णायक आहेत, याची ही क्रमवारी. एचटीजीआरसाठी अशी सविस्तर क्रमवारी अमेरिकेच्या अणुऊर्जा नियामक आयोगाने २००८ मध्ये प्रसिद्ध केली. पुढची पायरी म्हणजे त्या निर्णायक क्रियांमधलं परस्पर प्रमाण सांभाळणं. उष्णतेमुळे वर उठणारा वायू आणि त्याला अडवणारं घर्षण यांचं गुणोत्तर मूळ भट्टीत जितकं आहे, तितकंच प्रतिकृतीत राहिलं पाहिजे. अशा गुणोत्तरांना एकक नसतं, म्हणून आकार बदलला तरी त्यांची तुलना करता येते. या कामाची शिस्तबद्ध पद्धत नोव्हाक झुबर यांनी १९९१ मध्ये मांडली आणि ती आजही वापरली जाते.

सगळी गुणोत्तरं मात्र एकाच वेळी जुळत नाहीत. एक सांभाळायला गेलं की दुसरं बिघडतं. म्हणून कोणतं सांभाळायचं आणि कोणतं सोडायचं, हे आधी ठरवावं लागतं. जे सोडलं, ते कागदावर नोंदवावंही लागतं.

ओरेगनमधली चौथाई भट्टी

या विषयातली सर्वात परिचित प्रतिकृती अमेरिकेत आहे. ओरेगन राज्यातल्या कोर्व्हालिस शहरात ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीने 'हाय टेंपरेचर टेस्ट फॅसिलिटी' उभारली आहे. तिचं छोटं नाव एचटीटीएफ. या विद्यापीठाला अशा कामाचा जुना अनुभव आहे. वेस्टिंगहाउस कंपनीच्या एपी ६०० आणि एपी १००० या भट्ट्यांच्या सुरक्षा यंत्रणांची प्रतिकृती इथेच तपासली गेली. न्यूस्केल कंपनीच्या छोट्या भट्टीची मुळंही इथल्याच एका प्रतिकृतीत आहेत.

एचटीटीएफसमोर नमुना म्हणून आहे जनरल ॲटॉमिक्स कंपनीने १९८० च्या दशकात आखलेली ३५० मेगावॅट औष्णिक क्षमतेची 'एमएचटीजीआर' भट्टी. ही भट्टी कधी बांधली गेली नाही, पण तिचा आराखडा तपशीलवार उपलब्ध आहे. त्या आराखड्यात हेलियम २५९ अंशांना गाभ्यात शिरतो आणि ६८७ अंशांना बाहेर पडतो. एचटीटीएफची उंची आणि व्यास मूळच्या एक चतुर्थांश आहेत आणि तिला तापवायला सुमारे २.२ मेगावॅट क्षमतेचे विजेचे हीटर बसवलेले आहेत. आत जागोजागी तापमान, दाब आणि वायूचं प्रमाण मोजणारी शेकडो यंत्रं आहेत.

चहाच्या वाटीचा प्रश्न इथे पदार्थ बदलून हाताळला आहे. गाभ्याचे ठोकळे ग्रॅफाइटचे नाहीत, ॲल्युमिनायुक्त सिरॅमिकचे आहेत. सिरॅमिकमधून उष्णता ग्रॅफाइटपेक्षा सावकाश जाते. लहान आकारामुळे आलेली घाई त्यामुळे बरीचशी आवरली जाते.

दाबाबाबत मात्र तडजोड करावी लागली. मूळ आराखड्यात हेलियमचा दाब वातावरणाच्या साधारण ६३ पट आहे, तर एचटीटीएफ सुमारे आठपटीपर्यंतच जाते. त्यामुळे भट्टी पूर्ण दाबाने सुरळीत चालू असतानाची स्थिती इथे हुबेहूब उभी राहत नाही. पण पाइप फुटून बराचसा वायू निसटल्यावर पुढे काय होतं, हा या प्रतिकृतीचा मुख्य प्रश्न आहे. त्या टप्प्यासाठी कमी दाब चालतो.

पाइप फुटल्यावर नेमकं काय होतं?

सुरुवातीला हेलियम जोरात बाहेर पडतो आणि आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. आता आत उरलेला हेलियम तापलेला आणि हलका. बाहेरची हवा हेलियमच्या तुलनेत सात पटींहून जड. त्यामुळे फुटलेल्या पाइपातून तळाशी जड हवा आत सरकते आणि वरच्या बाजूने हलका हेलियम बाहेर येतो. थंडीत दार उघडल्यावर पायांना आधी गारवा लागतो, तसाच हा प्रकार.

आत शिरलेली हवा मग हेलियममध्ये हळूहळू मिसळत वर जाते. पुरेशी हवा साचली की गाभ्यातून तिचं अभिसरण सुरू होतं. चिंतेची गोष्ट ही, की हवेत ऑक्सिजन असतो आणि तापलेलं ग्रॅफाइट ऑक्सिजनने झिजतं. हवा किती वेगाने आत येते, याला म्हणूनच महत्त्व आहे. केवळ मिसळण्याच्या संथ क्रियेचा हिशेब धरला तर भरपूर वेळ हाती असल्यासारखं वाटतं. जड हवेचं तळाने सरकणं हिशेबात घेतलं की तो वेळ आक्रसतो.

२०१९ मध्ये एचटीटीएफवर अशा पाइपफुटीच्या आणि वायूचा प्रवाह थांबण्याच्या चाचण्या झाल्या. ओईसीडीच्या अणुऊर्जा संस्थेने त्या मोजमापांवर आंतरराष्ट्रीय तुलना उभी केली. वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांनी आपापल्या प्रोग्रॅमने त्याच चाचण्यांची गणितं करायची आणि उत्तरं मोजमापांशी ताडून बघायची, असं तिचं स्वरूप आहे.

चिमणीचीही परीक्षा

उष्णता भांड्याबाहेर आल्यावरचा प्रवास तपासायला वेगळी प्रतिकृती आहे. शिकागोजवळच्या आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीत ती आहे आणि तिला 'एनएसटीएफ' म्हणतात. तिची उंची २६ मीटर, म्हणजे साधारण आठ मजली इमारतीएवढी. उंचीच्या हिशेबाने ती मूळ यंत्रणेच्या निम्मी आहे. हवेवरच्या प्रयोगांच्या वेळी तापलेल्या भिंतीसमोर हवेचे १२ उभे मार्ग आणि वर चिमण्या, अशी तिची रचना होती.

इथे प्रतिकृती एवढी उंच का? कारण हवा किती जोराने वर ओढली जाईल, हे चिमणीच्या उंचीवर ठरतं. रुंदी कापता येते, त्या संपूर्ण वलयातला एक तुकडा घेतला तरी भागतं. उंची फार कापली तर मूळ प्रश्नच हरवतो. या प्रयोगात बाहेरचं हवामानही हिशेबात घ्यावं लागलं. वारा आणि बाहेरचं तापमान बदललं की चिमणीची ओढ बदलते. मोटर नसलेली यंत्रणा बिघडत नाही हे खरं, पण ती निसर्गावर अवलंबून असते आणि निसर्ग रोज सारखा नसतो.

प्रतिकृती कुठे कमी पडते?

एचटीटीएफच्या मर्यादा तिच्या रचनेतच आहेत. गाभा सिरॅमिकचा असल्याने आणि चाचण्यांत हवेच्या जागी नायट्रोजन वापरल्याने ग्रॅफाइटची झीज इथे अभ्यासता येत नाही. त्यासाठी वेगळे प्रयोग लागतात. युलिशमधल्या 'नाकोक' या प्रतिकृतीत ग्रॅफाइटमधून हवा खेळवून झिजेचा अभ्यास केला गेला. २०१९ मधल्या एचटीटीएफच्या ज्या चाचण्यांवर तुलना आधारलेली आहे, त्यांत हीटर ३५० किलोवॅटपेक्षा कमी शक्तीवर होते. म्हणजे पूर्ण क्षमतेच्या बरेच खाली. शिवाय सिरॅमिकमधून प्रत्यक्षात उष्णता किती वेगाने जाते, याचा आकडा थोडा इकडे-तिकडे झाला तरी गणिताचं उत्तर बदलतं.

पण या मर्यादा उघडपणे नोंदवलेल्या आहेत आणि म्हणूनच या प्रयोगांना किंमत आहे. कोणती गोष्ट मूळ भट्टीसारखी आहे आणि कोणती नाही, हे ठाऊक असेल तर प्रतिकृतीचा आकडा वापरता येतो. ते ठाऊक नसेल, तर तोच आकडा धोकादायक ठरतो.

खऱ्या भट्ट्यांवर चाचण्या झाल्याच आहेत ना?

झाल्या आहेत, आणि उत्साह वाढवणाऱ्या आहेत. जपानच्या ओआराई इथल्या 'एचटीटीआर' भट्टीत २०१० मध्ये ३० टक्के शक्तीवर हेलियम फिरवणारे सगळे पंखे थांबवण्यात आले आणि नियंत्रक दांडेही आत सोडले नाहीत. भट्टीची शक्ती आपोआप घसरली. मार्च २०२४ मध्ये हीच चाचणी पूर्ण ३० मेगावॅटवर झाली. चीनच्या शानडोंग प्रांतातल्या शिदाओ उपसागराजवळच्या एचटीआर-पीएम केंद्रात ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२३ मध्ये दोन्ही भट्ट्यांवर, प्रत्येकी २०० मेगावॅट औष्णिक शक्तीवर, अशी चाचणी झाली. दोन्ही भट्ट्या आपोआप थंड झाल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हे केंद्र व्यावसायिक पातळीवर सुरू झालं.

पण या चाचण्यांत पंखे थांबवले होते, पाइप फोडलेला नव्हता. किरणोत्सर्गी गाभ्यात हवा शिरू देण्याचा प्रयोग खऱ्या भट्टीवर कोणी करणार नाही. शिवाय चालू गाभ्यात हव्या त्या ठिकाणी तापमापक बसवता येत नाहीत. आणि एका आराखड्याची भट्टी थंड झाली, म्हणून दुसरीही होईल असं नाही. अमेरिकेत टेक्सासच्या सीड्रिफ्ट इथे डाऊ कंपनीच्या रसायन कारखान्यासाठी एक्स-एनर्जीच्या चार भट्ट्यांचा प्रकल्प आहे. त्याच्या बांधकाम परवानगीचा अर्ज मार्च २०२५ मध्ये दाखल झाला. अशा प्रत्येक अर्जामागे गणित असतं आणि त्या गणितामागे कुठलातरी प्रयोग दाखवावा लागतो.

भारताचा याच्याशी संबंध काय?

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपयांच्या अणुऊर्जा मोहिमेची घोषणा केली. मुंबईत तुर्भे इथलं मुख्यालय असलेलं भाभा अणुसंशोधन केंद्र, म्हणजे बीएआरसी, सध्या तीन आराखड्यांवर काम करत आहे. त्यातले २०० आणि ५५ मेगावॅट गटातले दोन आराखडे वीजनिर्मितीसाठी आहेत. तिसरा आहे ५ मेगावॅट औष्णिक क्षमतेपर्यंतच्या एचटीजीआरचा. तिचा उद्देश हायड्रोजन बनवणं हा आहे आणि ती बीएआरसीच्या विशाखापट्टणम इथल्या आवारात उभारण्याचं नियोजन आहे.

प्रतिकृतींचं तंत्र भारताला नवं नाही. थोरियमवर आधारित प्रगत जड पाणी भट्टीचा आराखडा करताना बीएआरसीने पंपाविना होणाऱ्या पाण्याच्या अभिसरणाचा अभ्यास अशाच चाचणी यंत्रणांवर केला. त्यातली एक तारापूरला आहे. हेलियम आणि ग्रॅफाइट यांचं गणित पाण्याहून वेगळं असलं, तरी काय सांभाळायचं आणि काय सोडायचं हा प्रश्न तोच राहतो.

मग दावा ऐकल्यावर काय विचारायचं?

'आपोआप सुरक्षित' अशी जाहिरात असलेल्या छोट्या अणुभट्ट्यांच्या बातम्या यापुढे वाढत जातील. कुठे तरी जमीन मागितली जाईल आणि जनसुनावणी होईल. तिथे विचारण्यासारखे तीन प्रश्न आहेत. हा दावा नुसत्या गणितावर आहे की प्रत्यक्ष प्रयोगावर? प्रयोग केला ती प्रतिकृती याच भट्टीच्या आराखड्याची होती की दुसऱ्या? आणि ती लहान करताना कोणत्या गोष्टी मूळ भट्टीसारख्या राहिल्या नाहीत?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'सगळंच सारखं होतं' असं आलं, तर सावध व्हायला हवं. चौपट लहान केलेल्या भट्टीत सगळंच सारखं राहत नाही. काय बदललं याची यादी ज्याच्याकडे तयार आहे, त्याने आपलं काम नीट केलं असण्याची शक्यता जास्त.